आनंदपूरचा ठराव आणि पाण्याचा न्याय

(सणसर, ता. इंदापूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण आटोपून तुकोबारायांची पालखी सणसरला विसावते. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्यांची पंगत वाढली, त्या गावाला पंजाब परका कसा वाटावा? नामदेवरायांनी पंजाबातील घुमान ही आपली कर्मभूमी केली. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात पूज्य मानली जातात. गुरू गोविंदसिंहांनी १७०८ साली देह ठेवला तो गोदातीरी, नांदेडला. असे असूनही 'आनंदपूर साहिब ठराव' हे शब्द महाराष्ट्रात बहुतेकांच्या कानी पडले ते बंदुकीच्या आवाजाबरोबरच. १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात जनरल अरुणकुमार वैद्य यांची हत्या झाली, त्या दिवसापासून तर हा विषय शांतपणे बोलण्याचा उरलाच नाही. पण ठराव काय होता, हे ठाऊक नसताना त्याचा निषेध किंवा समर्थन करण्यात काय अर्थ?

ऑक्टोबर १९७३ मध्ये अकाली दलाच्या कार्यकारिणीने आनंदपूर साहिब येथे तो संमत केला आणि १९७८ च्या लुधियाना अधिवेशनात त्याला विस्तृत रूप मिळाले. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन आणि दळणवळण एवढेच विषय केंद्राकडे असावेत, उरलेले राज्यांकडे यावेत. चंडीगड आणि लगतचा पंजाबीभाषी प्रदेश पंजाबला मिळावा. नद्यांच्या पाण्याचे वाटप न्याय्य व्हावे, अशा त्यातील ठळक मागण्या. त्याच्या निरनिराळ्या प्रती फिरत राहिल्या. अखेर १९८२ मध्ये संत हरचंदसिंग लोंगोवाल यांना अधिकृत प्रत कोणती ते सांगावे लागले. फुटून निघण्याची मागणी त्या प्रतीत नाही. मात्र राजकीय मागण्यांच्या जोडीला पंथाच्या वर्चस्वाची भाषा तीत आहे. ज्या राज्यात शीख आणि हिंदू एकाच घरात नांदत आले, तेथे ही भाषा शंका उत्पन्न करणार हे अकाली नेत्यांना कळायला हवे होते. आणि दुबळे केंद्र हा देशाच्या सुरक्षेशी खेळ आहे, विशेषतः पाकिस्तानला लागून असलेल्या राज्यासाठी. हा आक्षेप आजही खोडून निघालेला नाही.

पण एवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे. मराठी माणसाने तरी तसे करू नये. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने पंजाबी सुभा नाकारला आणि मुंबईसह एकसंध महाराष्ट्रही नाकारला. महाराष्ट्राला आपले राज्य १९६० साली मिळाले, पंजाबला १ नोव्हेंबर १९६६ पर्यंत थांबावे लागले. या विलंबात पंजाबी हिंदूंचाही वाटा होता. जनगणनेत त्यांच्यापैकी अनेकांनी मातृभाषा म्हणून हिंदी नोंदवली आणि पंजाबी ही जणू केवळ शिखांची भाषा ठरली. पंजाबी हीच आपली मातृभाषा आहे हे तेथील हिंदूंनी मान्य करावे, असे श्रीगुरुजींनी स्पष्ट सांगितले होते. ते ऐकले गेले नाही. राज्य मिळाले तेव्हा चंडीगड केंद्रशासित झाले आणि तसेच राहिले. बेळगावचे शल्य बाळगणाऱ्यांना याचा सल समजावून सांगण्याची गरज नाही.

पाण्याचा प्रश्न तर सणसरकरांनाच अधिक कळेल. नीरा डाव्या कालव्यावर ज्यांचा ऊस उभा आहे, त्यांना आवर्तन चुकले म्हणजे काय होते हे पुस्तकातून वाचावे लागत नाही. नीरा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. या कृष्णेच्या पाण्यासाठी महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र यांचे भांडण लवादापुढे गेले. न्या. बच्छावत यांनी वर्षानुवर्षे तिन्ही राज्यांची बाजू ऐकली, डिसेंबर १९७३ मध्ये निवाडा दिला आणि मे १९७६ मध्ये तो अंतिम केला. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट आले. समाधान कोणाचेच झाले नाही, पण आपले म्हणणे ऐकलेच गेले नाही, असे कोणाला म्हणता आले नाही.

त्याच १९७६ च्या मार्चमध्ये, आणीबाणीच्या काळात, रावी-बियासचे पाणी केंद्राने एका आदेशाने वाटून टाकले: पंजाबला ३५ लाख एकर-फूट, हरियाणाला तेवढेच, २ लाख दिल्लीला. हरियाणालाही पाणी हवेच होते; तेथील शेतकरी काही परका नव्हे. पण लवाद नाही, सुनावणी नाही. पुढे ३१ डिसेंबर १९८१ रोजी तीन राज्यांत करार झाला, तोही तिन्ही मुख्यमंत्री एकाच पक्षाचे असताना. ८ एप्रिल १९८२ रोजी इंदिराजींनी कपूरी येथे सतलज-यमुना जोड कालव्याचा प्रारंभ केला आणि ऑगस्टमध्ये धर्मयुद्ध मोर्चा सुरू झाला. न्यायालयीन लवाद नेमला गेला तो १९८६ मध्ये. तोवर जून १९८४ ची सैनिकी कारवाई, इंदिराजींची हत्या, दिल्लीतील शिखांचे निर्घृण हत्याकांड, सारे घडून गेले होते.

राज्यांच्या अधिकारांची मागणी करणारा देशद्रोही, हे समीकरण या काळात दिल्लीला सोयीचे होते. दहशतवाद्यांनाही ते तितकेच सोयीचे ठरले, कारण सनदशीर मार्गाने बोलणारे अकाली त्यामुळे निरुत्तर झाले. जुलै १९८५ मध्ये राजीव गांधी आणि लोंगोवाल यांचा करार झाला. केंद्र-राज्य संबंधांचा भाग सरकारिया आयोगाकडे सोपवायचे ठरले. म्हणजे ज्या ठरावाला फुटीर म्हणून झिडकारले होते, तोच चर्चेस योग्य ठरला! महिन्याभरात लोंगोवाल मारले गेले. २६ जानेवारी १९८६ ला चंडीगड पंजाबला द्यायचे होते, ते दिले गेले नाही. १९८९ च्या जूनमध्ये मोग्याच्या शाखेवर गोळीबार होऊन स्वयंसेवक धारातीर्थी पडले, तरीही हिंदू-शीख दंगल भडकावण्याचा तो डाव पंजाबच्या समाजाने यशस्वी होऊ दिला नाही. पुढे १९९७ मध्ये अकाली दल आणि भाजप यांचे संयुक्त सरकार आले. ही युती सप्टेंबर २०२० पर्यंत टिकली. तुटली ती कृषी कायद्यांवरून.

कालव्याची गोष्ट मात्र तशीच राहिली. १९९० मध्ये त्याच्या मुख्य अभियंत्याला कार्यालयात गोळ्या घातल्या गेल्या आणि काम थांबले. मार्च २०१६ मध्ये पंजाब विधानसभेने कालव्याची जमीन मूळ मालकांना परत देण्याचे विधेयक संमत केले. सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे'चा आदेश देईपर्यंत काही ठिकाणी कालवा मातीने बुजवूनही झाला होता.