रुपया येतो कुठून, जातो कुठे?

बिदर-कलबुर्गीसह साऱ्या कर्नाटकाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या राज्यसभा सदस्य निर्मला सीतारामन २०१९ पासून देशाच्या अर्थमंत्री आहेत. त्यांच्याआधी अर्थसंकल्प मांडणारी महिला एकच, इंदिरा गांधी. तेव्हा, १९७० मध्ये, त्या पंतप्रधानही होत्या.

सीतारामन राज्यसभेच्या सदस्य असण्यात एक गंमत आहे. अर्थसंकल्पाला मंजुरी देते लोकसभा. सीतारामन तिथे भाषण करतात, उत्तरं देतात. पण मत देऊ शकत नाहीत, कारण त्या लोकसभेच्या सदस्य नाहीत. राज्यसभा अर्थसंकल्पाशी निगडित धन विधेयकावर फक्त शिफारशी करू शकते, तीही चौदा दिवसांत.

आता २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाचा हिशेब पाहू. सरकारकडे येणाऱ्या रुपयातले २४ पैसे कर्ज आणि इतर देण्यांतून येतात, २२ पैसे आयकरातून, १८ पैसे जीएसटीतून. आणि खर्चाच्या रुपयातले २० पैसे निव्वळ व्याजातच जातात! म्हणूनच केंद्राचं कर्ज मार्च २०३१ पर्यंत देशाच्या जीडीपीच्या ५० टक्क्यांच्या आसपास आणायचं, असं उद्दिष्ट सीतारामन यांनी ठेवलं.

त्याच अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न आयकरमुक्त झालं. शिवाय तूर, उडीद आणि मसुरीसाठी सहा वर्षांची मोहीम जाहीर झाली. भौगोलिक मानांकन मिळालेली तूर पिकवणाऱ्या कलबुर्गीच्या शेतकऱ्यांनी खरेदी केंद्रावर या मोहिमेची चौकशी जरूर करावी.