अपुरी राहिलेली मोटार



सुशिक्षितांच्या बहुतेक घरांत माळ्यावर किंवा जिन्याखाली एखादी अर्धवट वस्तू पडलेली असते. कोणा मुलाने हौसेने आरंभिलेला रेडिओ, कधीच न उडालेले विमान, नाही तर एकदाच चाललेले आणि मग कायमचे रुसलेले एखादे यंत्र. दिवाळीच्या साफसफाईत ती वस्तू दरवर्षी हाताशी येते. वडील म्हणतात, "एकदाची भंगारात द्या." आई म्हणते, "राहू द्या हो, त्याच्या हातची आहे." आणि ती पुन्हा माळ्यावर जाते. तिच्यात गेलेला वेळ आणि पैसा वाया गेला किंवा कसे, याचा निवाडा मात्र राहूनच जातो. त्याच निवाड्याचा विचार आज करावयाचा आहे. फक्त उदाहरण रेडिओचे नसून चांगल्या चारचाकी मोटारीचे आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी हे गाव मागांच्या खडखडाटासाठी प्रसिद्ध आहे. तेथील शंकरराव कुलकर्णी या गृहस्थांनी स्वातंत्र्याच्या सुमारास एक विलक्षण संकल्प सोडला. मध्यम स्थितीतील कुटुंबाला परवडेल अशी लहान मोटार आपल्या गावात, आपल्या हातांनी तयार करावयाची, हा तो संकल्प. शाळेतील त्यांचे शिक्षण सातवीपलीकडे गेलेले नव्हते. तरीही १९४९ साली त्यांची पहिली दोन आसनी मोटार तयार झाली. पुढे तिचे नाव 'मीरा' म्हणून लोकांच्या तोंडी झाले. एवढ्यावर समाधान मानून ते थांबले नाहीत. १९७५ पर्यंत, म्हणजे पाव शतक, ते एकामागून एक सुधारलेले नमुने तयार करीत राहिले.

या मोटारीत केवळ परक्या मालाची नक्कल नव्हती. वजनदार पोलादी कमानींऐवजी त्यांनी हादरे सोसण्यासाठी रबराची योजना केली. रबराला तेलपाणी लागत नाही, ते हलके असते आणि आपल्याच लवचिकपणाने खड्ड्याचा धक्का पोटात घेते. ही कल्पना किती रास्त होती हे पाहावयाचे असेल, तर १९५९ साली इंग्लंडात निघालेल्या 'मिनी' या जगप्रसिद्ध मोटारीकडे पाहावे. तिचाही डोलारा रबरावरच तोललेला होता. मीरेचे इंजिन मागील बाजूस होते. त्यामुळे पुढून मागे शक्ती नेणारा लांब दांडा वाचतो, वजन घटते व आत जागा मिळते. आरंभी हवेने थंड होणारे इंजिन होते. पुढील काळात त्याच्या जागी पाण्याने थंड होणारे इंजिन आले. मागे बंदिस्त बसलेल्या इंजिनाला आपल्याकडील उन्हाळा आणि घाटाची चढण किती जाचते, हे ज्यांनी वाफाळलेली मोटार खंडाळ्याच्या कडेला उभी पाहिली आहे, त्यांना सांगावयास नको. मीरेची किंमत बारा हजार रुपयांच्या आसपास पडेल असा त्यांचा अंदाज होता.

एवढे होऊनही मीरा कारखान्यातून शेकड्यांनी बाहेर पडली नाही. ती रस्त्यावर धावली, लोकांनी तिचे कौतुक केले, आणि अखेरीस ती एक आठवण होऊन राहिली.

असे का झाले? सर्वसाधारण उत्तर ठरलेले आहे: सरकारने हात दिला नाही. या उत्तरात तथ्य आहे. १९५१ च्या उद्योगविषयक कायद्यानंतर मोटारींचा कारखाना परवान्यावाचून काढता येत नसे, आणि परवाना व भांडवल ही एकमेकांची वाट पाहत बसणारी जोडी होती. परंतु हे उत्तर पुरते नाही. एक मोटार बनविणे आणि मोटारी बनविणे या दोन निराळ्या विद्या आहेत. एका मोटारीत एखादा भाग बसत नसेल तर कुशल कारागीर तो कानशीने घासून बसवितो. हजार मोटारींत मात्र प्रत्येक भाग न घासता बसला पाहिजे. हजाराव्या गाडीचा दांडा पहिल्या गाडीतही चालला पाहिजे. त्यासाठी साचे हवेत, केसाएवढी चूक दाखविणारी मापे हवीत, आणि दर महिन्याला त्याच प्रतीचा माल देणारे पुरवठादार हवेत. पहिली विद्या एका माणसाच्या दहा बोटांत मावते. दुसरी कधीही मावत नाही.

कोणी म्हणेल, पैसा आणि पाठबळ असते तर हे सारे जमले असते. या म्हणण्याची परीक्षा करण्यास इंग्लंडातील एका शर्यतीच्या मोटारीची हकीकत उपयोगी पडते.

रेमंड मेज हा लिंकनशायरमधील बोर्न गावचा राहणारा. आपल्या राहत्या घरामागील आवारात त्याने व पीटर बर्थन याने दुसऱ्या महायुद्धानंतर एक मोटार रचण्यास घेतली. तिचे नाव बी. आर. एम. सर्व युरोपास मागे टाकील अशी मोटार ब्रिटनने करावी, ही त्यामागील महत्त्वाकांक्षा. पाठबळास काही तोटा नव्हता. देशातील शंभराहून अधिक उद्योगांनी पैसा, भाग आणि माणसे दिली. केवळ दीड लिटरच्या इंजिनात तब्बल सोळा सिलिंडर बसविले. हवा कोंबणारे यंत्र रोल्स-रॉइसने दिले. डिसेंबर १९४९ मध्ये ही मोटार मोठ्या गाजावाजाने लोकांस दाखविण्यात आली. ज्या वर्षी इचलकरंजीची पहिली गाडी तयार झाली, तेच हे वर्ष.

२६ ऑगस्ट १९५० रोजी सिल्व्हरस्टोनच्या मैदानावर तिची पहिली शर्यत ठरली. रेमों सॉमेर हा नाणावलेला फ्रेंच चालक आसनावर बसला. निशाण पडले, त्याने क्लच सोडला, मोटारीने इंच-दोन इंचांचा एक हिसका खाल्ला आणि ती जागच्या जागी उभी राहिली. चाकांकडे शक्ती नेणारा भाग मोडला होता. इतर गाड्या निघून गेल्या. प्रेक्षकांपैकी काहींनी चेष्टेने तिच्यात पैसे टाकले.

सोळा सिलिंडरांचे अजब इंजिन मोडले नव्हते. ज्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते अशा सांध्याने दगा दिला. बैलगाडीच्या शर्यतीत बैल कितीही तेज असोत, चाकाची खीळ निसटली की सारे संपते, त्यातलाच हा प्रकार. सगळेच भाग एकदम नवे असले की कोणता भाग कच्चा आहे हे आधी कळत नाही. शंभर ठिकाणांहून भाग यावयाचे म्हणजे एकाचा उशीर तो सर्वांचा उशीर. आणि शर्यतीची तारीख तर जाहीर झालेली. मग दीर्घ परीक्षेचा काळ आक्रसत जातो, आणि जी परीक्षा एकांतात व्हावयाची ती भर मैदानात होते.

पण या गोष्टीचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. १९५२ मध्ये आल्फ्रेड ओवेन या उद्योगपतीने तो सारा उद्योग विकत घेतला. लोकांच्या मंडळ्या गेल्या, जबाबदारी एका ठिकाणी आली. मोडलेले भाग, फसलेल्या कल्पना आणि त्यांतून शहाणी झालेली माणसे त्याच छपराखाली राहिली. १९६२ साली ग्रॅहॅम हिल याने बी. आर. एम. चालवून जगज्जेतेपद मिळविले. त्या मोटारीत सोळा नव्हे, आठच सिलिंडर होते.

आपल्याकडेही पाठबळाचे मोठे उदाहरण घडले. १९७१ साली तत्कालीन पंतप्रधानांच्या धाकट्या चिरंजीवांनी 'मारुती' नावाची कंपनी काढली. वर्षाला पन्नास हजार लहान मोटारींचे इरादापत्र त्यांना मिळाले होते. ज्या परवान्यासाठी इतरेजन झुरत होते, तो येथे दारी चालत आला. नमुना मोटार परीक्षेसाठी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील वाहन संशोधन संस्थेकडे आली. सैन्याच्या गाड्यांची हाडे खिळखिळी करून पाहणारी ही संस्था. तिच्या रस्त्याला नात्यागोत्याची ओळख नसते. त्या कंपनीच्या मोटारी बाजारात कधीच आल्या नाहीत आणि १९७७ नंतर कंपनी गुंडाळावी लागली. पुढे सरकारने तेच नाव घेऊन जपानच्या सुझुकी कंपनीशी करार केला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी लोकांच्या हाती लहान मोटार आली. त्या वेळी साचे, मापे आणि पुरवठादारांची शिस्त ही सारी परदेशातून शिकून घ्यावी लागली. इचलकरंजीस पाव शतक जे ज्ञान साठत होते, त्याची वही कोणी मागितली नाही.

त्याच नगर जिल्ह्यात, पुण्याच्या वाटेवर पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धी हे गाव आहे. तेथे मोटार बनत नाही. परंतु फसलेल्या वस्तूचे काय करावे हे त्या गावाने जसे दाखविले, तसे क्वचितच कोणी दाखविले असेल. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास तेथे एक पाझर तलाव झाला. पाझरणे हा अशा तलावाचा धर्मच. पण पाणी खाली जमिनीत मुरावे आणि विहिरींना मिळावे, ही त्यातली अपेक्षा. या तलावातील पाणी बांधातूनच निसटून जाई. तलाव होता, पाणी नव्हते. पुष्कळ गावांत अशा कामावर "सरकारी काम" असा शिक्का मारून लोक पाठ फिरवितात.

१९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतले. सैन्यात त्यांचे काम मालमोटार चालविण्याचे होते; १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर ते त्याच कामावर होते. गावाने त्यांच्या सांगण्यावरून नवा तलाव मागितला नाही. जुन्याचाच बांध श्रमदानाने दुरुस्त केला. पाणी ठरले, आणि खालच्या बाजूच्या सात विहिरींना प्रथमच उन्हाळ्यात पाणी दिसले. पुढे नाल्यांवरील बांध, माथ्यापासून पायथ्यापर्यंतचे चर, झाडे, हे सारे त्या एका दुरुस्तीच्या भरवशावर उभे राहिले. जेमतेम चारशे-पाचशे मिलिमीटर पावसाचे ते गाव देशाला पाण्याचा धडा देऊ लागले.

मीरा, बी. आर. एम. आणि राळेगणचा तलाव यांत एक साम्य आहे: तिन्ही प्रथम अपुरी राहिली. भेद पुढे पडला. बोर्नची मोटार मोडली तेव्हा तिच्याभोवती माणसे टिकून होती. राळेगणचा बांध गळत होता तेव्हा तो आपला आहे असे म्हणणारे गाव जागे झाले. इचलकरंजीत मात्र एक माणूस एकट्याने एकेक दोष काढीत राहिला. रबर त्याने साधले, इंजिनाची उष्णता त्याने हाताळली, पण शेवटचा सांधा एका माणसाच्या आवाक्यातला नव्हता, आणि तेथे दुसरा हात लागला नाही. म्हणून अपयश हे शंकररावांच्या कल्पकतेचे नव्हे; ते त्यांच्या भोवतालच्या समाजाचे आहे. आपण टाळ्या वाजविल्या आणि घरी गेलो.

आता माळ्यावरील त्या वस्तूकडे वळावे. ती खाली काढावी, आणि मुलाला "का जमले नाही?" असे न विचारता "नेमके कोठे अडले?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने मूल मान खाली घालते. दुसऱ्याने ते स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागते. अडलेली जागा त्याने एका वहीत तारीख घालून लिहावी. एका वेळी एकच नवी गोष्ट करून पाहावी, म्हणजे दोष कशाचा हे कळते. पाहुण्यांस दाखविण्यापूर्वी वस्तू दहा वेळा चालवून पाहावी. आणि जेथे त्याचे ज्ञान संपते, तेथे शेजारच्या फिटरकडे किंवा गल्लीतील रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे वडिलांनी त्याला स्वतः घेऊन जावे. त्यात कमीपणा नाही. एवढे करूनही वस्तू चालली नाही, तर ती अवश्य भंगारात द्यावी. वही मात्र कपाटात ठेवावी.