झुरळ नेमकं कुणाचं?

श्रोतेहो, जुन्या नाशकातला वाडा असो की सिडकोतली इमारत, झुरळ नेहमी शेजाऱ्याकडूनच येतं! देशांचंही तसंच. स्वयंपाकघरातल्या लहान तपकिरी झुरळाला रशियन लोक 'प्रशियन' म्हणत, तर जर्मन लोक 'रशियन'. १७६७ मध्ये लिनियसनं त्याला शास्त्रीय नाव दिलं, त्यात 'जर्मन' आलं. २०२४ मधल्या जनुकीय अभ्यासानुसार मात्र त्याचा वंश सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारतात किंवा म्यानमारात सुरू झाला. म्हणजे ते आपल्याच घरचं निघालं!

त्याला अन्नापेक्षा पाणी जास्त लागतं. म्हणून रात्री ओटा, मोरी कोरडी करा, गळका नळ दुरुस्त करून घ्या, खरकटं ठेवू नका. फवाऱ्यातून वाचलेली झुरळं पलीकडच्या फटीत जातात. पुढं त्यांची पिल्लं त्या औषधाला दाद देत नाहीत. त्यापेक्षा बोरिक पावडर फटींत अगदी पातळ भुरभुरा. अंगाला लागलेली पूड झुरळ चाटतं आणि मरतं. मुलांपासून आणि अन्नापासून मात्र ती दूर ठेवा.

आणि हे साऱ्या बिऱ्हाडांनी एकाच दिवशी करा. भिंत सामाईक, तशी फटही सामाईकच. शेजाऱ्याला दोष देण्याआधी त्याचं दार वाजवा.