स्वस्तात मिळणारी मोठी गाडी

आज आपण बोलणार आहोत जुन्या मोठ्या गाडीबद्दल. तुम्ही म्हणाल, बायकांच्या कार्यक्रमात गाडीचं काय काम? पण गाडी दारात येते तेव्हा पैसा कुठून येतो? गटाच्या कर्जातून, नाहीतर आपल्या पाटल्या मोडून. मग ती गाडी कशी आहे, हे आपल्याला कळायला नको का?

आमचा गट अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ भरतो. मासिक सभेत आमच्यातल्या एका ताईंनी चार लाखांचं कर्ज मागितलं. मुलाने जर्मन कंपनीची, दहा-अकरा वर्षं वापरलेली सेडान पाहिली होती. नवी असताना चाळीस लाखांच्या वरची, आता सात लाखांत मिळत होती. लग्नसराईत नवरदेवासाठी भाड्याने द्यायची, दोन वर्षांत कर्ज फिटेल, असा त्याचा हिशेब. आम्ही लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. म्हटलं, आधी गाडी तपासू. ओळखीच्या मेस्त्रींना विचारलं, कागद पाहिले. त्यातून जे समजलं ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. चाळीस लाखांची गाडी सात लाखांना मिळाली, तरी तिचा गिअरबॉक्स चाळीस लाखांच्या गाडीचाच असतो. दुरुस्तीचं बिल त्या मानानेच येतं.

आता नेहमी कुठे बिघडतं ते ऐका. काही महागड्या गाड्यांना स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या असतात. त्याला एअर सस्पेन्शन म्हणतात. रबर जुनं झालं की पिशवीतून हवा सुटते आणि रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका बाजूला बसलेली दिसते. एकेका चाकाच्या कामाला काही दहा हजार जातात, कंपनीचा नवा भाग घेतला तर लाखाच्याही पुढे. दुसरा बिघाड ऑटोमॅटिक गिअरचा. गाडी चालताना धक्का देते, गिअर उशिरा पडतो. आतला नियंत्रणाचा भाग बदलायचा तर लाख-दोन लाखांची तयारी लागते. तिसरी टायमिंग चेन. बीएमडब्ल्यूच्या २००७ नंतरच्या काही डिझेल इंजिनांत ही चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असते. ती ढिली झाली की खडखडते. तुटली तर इंजिनच गेलं. आणि बदलायची म्हटलं तर गिअरबॉक्स किंवा इंजिन खाली उतरवावं लागतं, म्हणजे मजुरीच मोठी.

शिवाय किरकोळ वाटणारे खर्च. बऱ्याच बीएमडब्ल्यूंना पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे टायर असतात, म्हणून स्टेपनीच नसते. असा एक टायर साधारण पंधरा-वीस हजारांना पडतो. चार टायर म्हणजे एका म्हशीची किंमत. आणि या गाड्या जमिनीला टेकून चालतात. आपल्याकडच्या उंच गतिरोधकावर खालचं ऑईलचं भांडं घासलं, फुटलं आणि ऑईल सांडून गेलं, तर इंजिन जाम होतं.

आपल्या भागात याहून मोठी भीती पुराची. २६ जुलै २००५ कोणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. रेल्वे अडकते तिथे रस्त्यावरच्या गाड्यांचं काय होत असेल? पाण्यात बसलेली गाडी धुऊन-पुसून, सुगंध मारून बाजारात येते. मोठ्या सेडानमध्ये वायरी आणि संगणकाचे डबे सीटखाली, गालिच्याखाली, डिकीत असतात. ते एकदा भिजले की आज नाही तर सहा महिन्यांनी गंजतात. मग रोज नवा दिवा लागतो आणि मेस्त्रीलाही दोष सापडत नाही.

ओळखायचं कसं? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला मातीची रेघ दिसते का बघा. गालिचा उचलून वास घ्या. सीटखालच्या पट्ट्यांना गंज आहे का, डिकीच्या तळाला चिखल आहे का, दिव्यांच्या काचेत आतून वाफ आहे का, हे बघा. याला शिक्षण लागत नाही. ओल आलेलं धान्य आपण वासावरून ओळखतोच की!

गाडी पाहायला सकाळी जा आणि इंजिन थंड असताना आपल्यासमोर सुरू करायला सांगा. आपण येण्याआधीच गरम करून ठेवली असेल तर शंका घ्या. स्कॅनर लावणारा आपला मेस्त्री न्या, विकणाऱ्याचा नको. त्याला हजार-दोन हजार द्यावे लागले तरी द्या.

आता कागद. आरसीवर बँकेचा बोजा आहे का पाहा. असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. दंडाच्या थकलेल्या पावत्या ऑनलाइन दिसतात. आणि भाड्याचं स्वप्न असेल तर नीट ऐका. पांढऱ्या पाटीची गाडी घरगुती वापराची. ती भाड्याने फिरवणं कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. भाड्याला पिवळी पाटी आणि परवाना लागतो.

ताईंच्या मुलाने पाहिलेल्या गाडीच्या डिकीत, तळाच्या कापडाखाली वाळलेला चिखल निघाला. विकणारा म्हणाला, पावसात काच उघडी राहिली होती. पण काचेतून आलेलं पाणी डिकीत गाळ टाकत नाही. आम्ही ते कर्ज मंजूर केलं नाही. मुलगा आठ दिवस आईशी बोलला नाही. ताईंनाही वाईट वाटलं, कारण पोराची हौस कोणत्या आईला पुरवावीशी वाटत नाही? पण त्यांनी स्वतःच हिशेब मांडला. चार लाखांवर महिना दोन टक्क्यांनी पहिल्याच महिन्याला आठ हजार व्याज. गाडी गॅरेजमध्ये पडली तरी हप्ता थांबत नाही. आणि तो पैसा एकटीचा नाही, सगळ्या जणींनी महिन्याला शंभर-शंभर टाकून साठवलेला.

म्हणून आमच्या गटाने तीन नियम केले आहेत. गाडीच्या कर्जाआधी तपासणीचा कागद सभेत दाखवायचा. आरसी सगळ्यांनी पाहायची. आणि किमतीच्या निदान पाचव्या हिश्शाइतकी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला असल्याशिवाय जुनी मोठी गाडी घ्यायची नाही. सात लाखांच्या गाडीला म्हणजे एक लाख चाळीस हजार. तेवढे नसतील तर ती गाडी आपल्याला परवडत नाही, मग विकणारा कितीही कमी करो.

तुमच्या गटातही हे बोला. मुलांना सोबत बसवून बोला, म्हणजे आई आडवी आली असं त्यांना वाटणार नाही.