डेल्कोतली ठिणगी

गाडीच्या डिस्ट्रिब्युटरला आपल्याकडचे मिस्त्री 'डेल्को' म्हणतात. हा शब्द कुठल्या बोलीतला असेल, असा मला अनेक वर्षे प्रश्न होता. तो निघाला अमेरिकेतला. चार्ल्स केटरिंग यांनी १९०९ साली स्थापलेल्या 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी' या लांबलचक नावाची ती आद्याक्षरे. केटरिंग यांनी रूढ केलेली ठिणगीची पद्धत पुढे साठेक वर्षे जगभरच्या गाड्यांत चालली, आणि त्या कंपनीचे नाव आमच्या गल्लीतल्या काळ्या हातांनी जपून ठेवले.

या पद्धतीत डेल्कोच्या कॅपखाली दोन चिमुकले पॉईंट असतात. ते मिटले की कॉइलमधून करंट वाहतो. उघडले की तो तुटतो आणि त्या तुटण्यातूनच हजारो व्होल्टची ठिणगी प्लगवर उडते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हे दर सेकंदाला १०० वेळा घडते. मग पॉईंट जळणारच. पण पद्मिनी टॅक्सी चालवणाऱ्याला त्याची धास्ती नव्हती. पॉलिश पेपरचा तुकडा फिरवायचा, अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी फट ठेवायची, की निघाली गाडी.

पुढे पॉईंटचे काम ट्रान्झिस्टरने घेतले. क्रायस्लरने १९७३ च्या आपल्या अमेरिकी मोटारींत ही इलेक्ट्रॉनिक पद्धत सरसकट दिली. यात डेल्कोतली पिकअप कॉइल इशारा देते आणि मॉड्यूल नावाची बंद डबी करंट तोडते. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. पण हौसेने सांभाळलेल्या खासगी पद्मिनी आहेत, आणि पॉईंट काढून असा संच बसवून घेणारे मालकही आहेत. डबीत झिजण्यासारखे काही नाही, हे खरे. मात्र ती रुसली तर पॉलिश पेपर कुठे फिरवणार? शिवाय सुट्या भागांच्या दुकानात पाटी असतेच: 'इलेक्ट्रिकचा माल परत घेतला जाणार नाही'. म्हणजे चुकून आणलेले मॉड्यूल गळ्यात पडते.

आमच्याकडचे एक बुजुर्ग मिस्त्री म्हणूनच घाई करत नाहीत. गिऱ्हाईक म्हणते, "चाचा, मॉड्यूलच बदलून टाका." चाचा म्हणतात, "भाऊ, आधी दिवा लावून बघू." दिवा म्हणजे दोन वायरींचा बारा व्होल्टचा बल्ब. त्याची एक वायर बॉडीला लावायची. चावी फिरवून दुसरी कॉइलच्या प्लसला लावली की दिवा पेटला पाहिजे. नाही पेटला तर दोष चावीकडून येणाऱ्या वायरीत. मग ती कॉइलच्या मायनसला लावून सेल्फ मारायचा. दिवा लुकलुकला तर मॉड्यूल करंट तोडते आहे. ठिणगी नसेल तर कॉइल, तिची जाड वायर, रोटर, कॅप बघायची. लुकलुकला नाही तरच संशय पिकअप, जोडण्या आणि मॉड्यूलवर. त्यातही चाचा आधी बॉडीची जोडणी घासतात. गॅरेजात तिला 'अर्थ' म्हणतात. 'अर्थ बरोबर लागत नाही' हे वाक्य तिथे ऐकले की कवी म्हणून मला जरा अपराध्यासारखे वाटते!

सर्वांत फसवा दोष मात्र उन्हातला. गाडी वीस मिनिटे चालते, गप्प होते, अर्ध्या तासाने काही न झाल्यासारखी सुरू होते. गॅरेजात येईपर्यंत मॉड्यूल थंड झालेले असते आणि प्रत्येक परीक्षेत उत्तीर्ण होते. इथेच मालकाचे पैसे जातात: आज कॉइल, उद्या पेट्रोल पंप, परवा कार्ब्युरेटर. चाचांचा उपाय साधा आहे. दिवा गाडीतच ठेवायचा आणि ती जिथे थांबेल तिथेच, गरम असताना तपासायची. गॅरेजात ते केस वाळवण्याच्या ड्रायरने मॉड्यूलला ऊब देऊनही पाहतात.

नवे बसवताना बॅटरीची मायनस वायर आधी काढावी. प्लस-मायनस उलटे लागले तर नवी डबी क्षणात जळू शकते. ज्या मॉड्यूलला धातूची पाठ असते, तिच्याखाली उष्णता वाहून नेणाऱ्या पांढऱ्या पेस्टचा पातळ थर हवा. बेअरिंगचे ग्रीस चालत नाही. हा दोन मिनिटांचा थर टाळला म्हणून चांगली मॉड्यूल भाजून गेलेली चाचांनी पाहिली आहेत. कॉइलचा रोधही मीटरवर मोजावा. संचाच्या कागदावर दिला आहे त्याहून तो कमी असेल, तर मॉड्यूलवर जादा भार येतो. शेवटी टायमिंग पुन्हा लावायचे.

आणि काढलेले पॉईंट, कंडेन्सर भंगारात देऊ नयेत. चाचा ते पुसून, कागदात गुंडाळून मालकाच्या डिकीत ठेवतात. घाटात मॉड्यूल गेलेच, तर पाना आणि पेचकस असलेला कुणीही ते परत चढवून गाडी गावापर्यंत आणू शकतो.