नरसंहार : द्वेषाची पूर्वतयारी



नरसंहार म्हणजे क्षणिक संतापाचा उद्रेक, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. आफ्रिकेतील रवांडा या लहानशा देशाचा इतिहास याची साक्ष देतो. तेथे ७ एप्रिल १९९४ पासून सुमारे १०० दिवसांत ८ लाखांहून अधिक माणसे मारली गेली. मृतांत बहुसंख्य तुत्सी होते. हत्येला विरोध करणारे हुतूही होते. मारणाऱ्यांत सैनिक होते, तसेच शेजारीही होते.

हुतू आणि तुत्सी यांची भाषा एक, वस्ती एकत्र. परंतु बेल्जियमच्या राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर जमात नोंदविली. तीच नोंद १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर मृत्यूचा परवाना ठरली. १९९३ मध्ये सुरू झालेल्या एका खासगी रेडिओ केंद्राने तुत्सींना ‘झुरळे’ संबोधले. माणूस कीटक ठरला की त्याची हत्या पाप वाटेनाशी होते.

द्वेषालाही भांडवल लागते. या केंद्राला द्रव्य पुरविल्याचा आरोप फेलिसियाँ काबुगा या धनाढ्य व्यापाऱ्यावर होता. तो २०२० मध्ये पकडला गेला; स्मृतिभ्रंशामुळे २०२३ मध्ये खटला थांबला. व्यापारी समाजाने हे विशेष ध्यानी घ्यावे. आपला पैसा कोणत्या कार्यास लागतो, हे पाहणे दात्याचेही कर्तव्य आहे.

हे टळू शकले असते काय? शांतिसेनेचे प्रमुख रोमिओ डॅलेर यांनी ११ जानेवारी १९९४ रोजी शस्त्रसाठ्यांची सूचना संयुक्त राष्ट्रांना दिली होती. साठे जप्त करण्याची अनुमती मिळाली नाही. उलट, हत्याकांड सुरू असताना शांतिसेना २७० पर्यंत घटविण्याचा ठराव झाला. नरसंहार रोखण्याचा १९४८ चा आंतरराष्ट्रीय करार कागदावरच राहिला.

पुढे अरुशा येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९९८ मध्ये झाँ-पॉल अकायेसू या नगरप्रमुखास नरसंहाराबद्दल दोषी ठरविले. गावोगावच्या ‘गचाचा’ न्यायसभांनी २०१२ पर्यंत १९ लाखांहून अधिक प्रकरणे हाताळली. त्यांतील त्रुटींवर टीकाही झाली. तरी आप्तांचे देह कोठे पुरले, हे अनेकांना तेथेच कळले. ओळखपत्रावरील जमातीची नोंद रद्द झाली.

शस्त्र शेवटी येते. त्याआधी नोंद, शब्द आणि पैसा येतो. शस्त्र उगारल्यावर सामान्य माणूस हतबल असतो. परंतु कोणत्याही समाजाला हीन ठरविणारा शब्द आपल्या घरात, पेढीवर, सभेत उच्चारला जाताच त्यास तेथेच अटकाव करणे प्रत्येकाच्या हाती आहे.