पहिला कॅमेरा आणि त्याची लेन्स
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी काही उपयोगी विषयावर बोलावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. आपल्यापैकी दोघीतिघी भिशीच्या पैशातून डीएसएलआर कॅमेरा घेण्याच्या विचारात आहेत. कॅमेरा एकवेळ ठरतो, पण "लेन्स कोणती देऊ?" असे दुकानदाराने विचारले की आपण गोंधळतो आणि तो देईल ती घेऊन येतो. म्हणून आज लेन्सविषयीच चार शब्द सांगते.

लेन्सवर दोन आकडे महत्त्वाचे. पहिला मिलिमीटरचा. तो जितका लहान तितके दृश्य अधिक मावते. जितका मोठा तितकी लांबची वस्तू जवळ येते. दुसरा आकडा ‘एफ’चा. हा मात्र उलटा चालतो. तो जितका लहान तितकी भिंगाची खिडकी मोठी उघडते व उजेड अधिक आत येतो.

पहिल्या कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८-५५ मि.मी.ची लेन्स मिळते. जाणती मंडळी तिला नाके मुरडतात. आपण मुरडू नयेत. ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखीचे प्रस्थान होते, तेव्हा गर्दीत मागे सरकायला जागा नसते. तेथे १८ मि.मी.च कामास येते. रांगोळी, भरतकाम, पदार्थ यांचे जवळून फोटोही तिच्याने चांगले निघतात. तिची अडचण एकच. ५५ मि.मी.वर तिची खिडकी एफ ५.६ पेक्षा मोठी उघडत नाही. रात्रीच्या कीर्तनात ती अपुरी पडते, आणि तेथे फ्लॅश उडवणे शोभत नाही.

यासाठी ५० मि.मी., एफ १.८ ही लेन्स आहे. एफ ५.६ च्या मानाने ती सुमारे दहापट उजेड घेते, आणि इतर लेन्सच्या मानाने स्वस्तही असते. परंतु आपल्या साध्या डीएसएलआरमध्ये ५० मि.मी.चे दृश्य आणखी आकसते. लहान स्वयंपाकघरात भिंतीला पाठ टेकली तरी एकच चेहरा मावेल. घरातल्या कामासाठी निकॉनवर ३५ मि.मी., एफ १.८ आणि कॅननवर २४ मि.मी., एफ २.८ अधिक सोयीची. एक ध्यानात ठेवावे : एफ १.८ वर पुढची रांग स्पष्ट आणि मागची धूसर येते. मंडळाचा समूहफोटो काढताना आकडा ५.६ किंवा ८ वर न्यावा.

राहिली लांबची लेन्स, ५५-२५० किंवा ७०-३००. बेलवाडीच्या रिंगणातला धावता अश्व टिपायचा तर ती हवी. पण वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूसाठी आधीच पैसे कशाला गुंतवावेत? पुण्यात लेन्स भाड्यानेही मिळतात.

आता मला मुख्य सांगायचे आहे ते असे. बीजेला आणि प्रस्थानाला बाहेरगावचे कितीतरी छायाचित्रकार देहूत येतात. पताका, टाळकरी, इंद्रायणीचा घाट यांचे सुंदर फोटो ते नेतात. परंतु पहाटे तीनला उठून वारकऱ्यांसाठी भाकऱ्या थापणाऱ्या बायका त्या फोटोंत क्वचितच असतात, कारण त्या चुलीपर्यंत पाहुण्यांची वाट नाही. आपली आहे. आपण आतल्या आहोत. तेव्हा आपल्याला दुरून ओढून आणणारी लेन्स नको. जवळ बसून, थोड्या उजेडात पाहणारी हवी. ज्या हातांनी एवढा गाव जेवू घातला, त्या म्हाताऱ्या एकेक करून जात आहेत. हे फोटो आपण काढले नाहीत तर कोणीच काढणार नाही.

होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. भिंग बदलण्याची सोय नसलेल्या रोलीफ्लेक्सनेही त्यांनी उत्तम काम केले. तेव्हा लेन्सच्या संख्येवर काही अडत नाही.

खरेदीच्या चार सूचना सांगते. कॅननची लेन्स निकॉनला बसत नाही. निकॉनच्या डी ३५०० सारख्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नसते, म्हणून मोटर असलेली ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लेन्सच घ्यावी. कंपन्यांचा ओढा आता आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे असल्याने जुन्या बाजारात डीएसएलआरच्या लेन्स पुष्कळ मिळतात. घेताना बॅटरीच्या उजेडात भिंगाच्या आत बुरशीचे जाळे नाही ना, हे पाहावे. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी.

पहिले सहा महिने मिळालेल्या लेन्सवरच हात बसवावा. मग आपले फोटो काढून पाहावेत. कोणत्या आकड्यावर अधिक काढले आणि कोठे उजेड कमी पडला, हे तेच सांगतील. त्यानंतर दुसरी लेन्स घ्यावी. पुढील वर्धापनदिनी आपल्या भगिनींनी काढलेल्या फोटोंचे छोटेसे प्रदर्शन याच सभागृहात भरावे, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.